पहिल्या पानावरच्या एक्केचाळीस खुणा

छापखान्यात त्यांना कुणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. जुळारी, बांधणीवाले, दारावरचा पहारेकरी, सगळ्यांच्या तोंडी 'वेलांटीबाई' हेच नाव, आणि तेही बाई जिना चढून वर गेल्याची खात्री झाल्यावर. चौतीस वर्षं बाईंनी दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला. मुद्रितशोधक हा हुद्दा. ही सवय एकदा लागली की ती टेबलाच्या खणात ठेवून घरी येता येत नाही. लग्नाची पत्रिका हातात पडली की लग्न कुणाचं ते नंतर, आधी अनुस्वार. नवऱ्याने एकदा मोठ्या हौसेने वाढदिवसाला चार ओळी लिहून दिल्या, त्या बाईंनी दुरुस्त करून परत दिल्या. नवरा भला माणूस. तो पोट धरून हसला आणि पुढच्या वर्षीपासून मुकाट्याने छत्री, चप्पल असल्या वस्तू आणायला लागला.

बाईंना भाऊ एकच, सात वर्षांनी धाकटा. त्याला घरात खुडबुड्या म्हणत. रांगायला लागल्यापासून त्याने घरातली कुठलीही वस्तू मिटलेली राहू दिली नाही. मोठेपणी टाइपरायटर दुरुस्त करायचा, मग प्रिंटर, मग कॉम्प्युटर. शाळा आणि शुद्धलेखन या दोन्ही गोष्टी त्याने अर्ध्यावर सोडल्या. त्याच्या हातून वेलांटी कधी आखूड पडली नाही. 'आणि' हा शब्द तो जन्मभर 'आणी' असाच लिहीत आला. लहानपणी त्याचा अभ्यास बाईच घ्यायच्या. "दीर्घ का रे लिहितोस सारखा?" म्हणून त्यांनी कान पिरगळला, की म्हणायचा, "लांब असली की दिसते तरी!"

गेली नऊ वर्षं या बहीणभावांचं बोलणं 'कशी आहेस', 'बरी आहे' एवढ्यावर आलं होतं. भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. काय झालं होतं ते बाईंना माहीत होतं, पण त्या तिकडे फिरकत नसत. मनात कधी यायला लागलंच तर त्या उठून कपाट आवरायला घेत. त्यांचं कपाट फार नीटनेटकं होतं.

निवृत्तीनंतरही बाई घरबसल्या प्रुफं तपासायच्या. एक प्रकाशक फाईल पाठवायचा, बाई ती कॉम्प्युटरवर वाचून खुणा करून परत पाठवायच्या. पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. तो सुरू होईपर्यंत बाईंचा चहा करून, पिऊन, कप विसळून व्हायचा. वर रोज एक पाटी यायची, की या सिस्टिमचे दिवस भरले, नवी घ्या, आणि नवी चालायला मशीनही नवं घ्या.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती म्हणाली, "आई, मशीन धडधाकट आहे. वरचं ओझं तेवढं उतरवायला हवं. आमच्या लॅबमध्ये दुसरी सिस्टिम आहे, ती टाकू."

"टाक. पण माझी एक जरी फाईल गेली ना, तर तुझ्या दारात येऊन बसेन."

"दारात कशाला, घरातच बसला आहात की," सून म्हणाली.

रविवारी सकाळी तिने पेनड्राइव्ह आणला. लिनक्स म्हणतात त्या घराण्यातली ही सिस्टिम आधी न बसवताच वापरून बघता येत होती. बाईंना ही गोष्ट फार आवडली. पातेल्यातलं चमच्याने चाखून बघावं, आवडलं तर वाढून घ्यावं, यात फसवणूक नव्हती. दहा मिनिटांत पडदा उजळला. खाली डाव्या कोपऱ्यात बटण, जिथे बाईंचा हात आपोआप जायचा तिथेच. त्यांचा अकरा वर्षांचा प्रिंटर, ज्याची सीडी केव्हाच हरवली होती, तो न विचारता ओळखला गेला. कुणी नोंदणी मागितली नाही, कुणी व्हायरसची भीती घातली नाही. बाईंनी मान डोलावली. बाईंची मान सहसा आडवी हलायची, त्यामुळे सुनेने हे पतीला आत जाऊन सांगितलं.

"केवढ्याला पडलं?" बाईंनी विचारलं.

"फुकट. फुकट आणि मोकळं. हे कुणा एकाच्या मालकीचं नाही, आई. ठिकठिकाणची माणसं मिळून बनवतात. आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं."

"आणि त्यांना पगार?"

"नाही."

"मग करतात कशाला?"

सुनेने जरा विचार केला. "आवडतं म्हणून."

हे उत्तर बाईंनी पूर्वी ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून ते त्यांनी आठवू दिलं नाही. "बरं बरं," म्हणाल्या, "बसव."

दुपारपर्यंत सिस्टिम बसली, फायली जागच्या जागी राहिल्या. सुनेने विचारलं, "मराठीतही येते. करू मराठी?"

"कर. बघू तरी काय दिवे लावलेत."

सून कामाला लागली आणि बाई वही-पेन्सिल घेऊन पडद्यासमोर बसल्या. नवी सिस्टिम आल्यावर दुसऱ्या कुणी आधी पडद्यावरचं चित्र बदललं असतं. बाईंनी ती पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली. पहिल्या यादीतच त्यांचं डोकं उठलं. फाईलला 'संचिका'. पडद्याला 'दृश्यपटल'. मशीनला जरा वेळ झोपवायचं, तर 'निद्रावस्था'. काम संपवून बाहेर पडायचं, तर त्या बटणावर 'निर्गमन'.

"अगं, इकडे ये," बाईंनी सुनेला हाक मारली. "हे बघ. निर्गमन! माणूस काम आटपून उठतोय की सैन्य घेऊन निघालाय? कोण हा पंडित? याने जन्मात कुणाशी मराठीत चार शब्द बोललेत का?"

"आम्ही लॅबमध्ये म्हणतो, 'चला, निर्गमन झालं,'" सून हसत म्हणाली. "चेष्टाच करतो त्याची."

"चेष्टेच्याच लायकीचं आहे."

पण बाई पुढे गेल्या. पहिली यादी संपवून त्या आतल्या खोल्यांत शिरल्या, आणि आत वेगळीच हवा लागली. प्रिंटरची वायर काढून बघितली, तर पडद्यावर आलं, 'प्रिंटर आहे, पण ऐकत नाही. वायर बघा.' पासवर्ड मुद्दाम चुकवला, तर 'चुकला. घाई नाही, पुन्हा टाका.' खोडलेल्या फायली जिथे जातात त्या जागेचं नाव 'अडगळ'. केलेलं रद्द करायचं, तर 'होतं तसं करा'. काही कायमचं पुसायला गेलं, तर 'नक्की? गेलं की गेलं.' बाई एकट्याच बसून हसायला लागल्या. हे लिहिणारा माणूस तुमच्या शेजारी स्टूल ओढून बसला आहे आणि तुमच्या चुकीला हसत नाही, असं वाटत होतं.

फक्त त्याला लिहिता येत नव्हतं. जागोजागी 'माहीती', 'पाहीजे', 'आणी'. एवढ्या दीर्घ वेलांट्या बाईंनी एका जागी फार वर्षांत बघितल्या नव्हत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, "याला कुणीतरी तपासून द्यायला हवं होतं गं. भाषा काय सुरेख आहे! पंडिताला हाकलून द्या आणि याला बसवा. याच्या वेलांट्या मी बघते."

मग त्यांनी नसलेल्या एका फाईलचं नाव टाकून शोध घेतला. उत्तर आलं, 'इथेच कुठेतरी असेल. नीट बघा, हात फिरवून.'

हे बाईंच्या आईचं वाक्य होतं. अक्षरन्‌अक्षर आईचं. कात्री, किल्ली, मोजा, काहीही हरवलं की आई चुलीपुढून न उठता हेच म्हणायची, आणि 'हात फिरवून' हे शेवटी. जगात दुसऱ्या कुठल्या घरात हे असं म्हणत असतील, असं बाईंना वाटलं नाही. त्यांनी सुनेला बोलावून विचारलं, "हे मराठी कुणी केलंय ते कुठे कळतं का?"

सुनेने दोनतीन ठिकाणी दाबून एक यादी काढली. प्रत्येक भाषेपुढे करणाऱ्यांची नावं. काही भाषांपुढे वीस-पंचवीस. मराठीपुढे एकच: खुडबुड्या.

"हे कसलं नाव?" सून म्हणाली. तिने मामांना कायम 'मामा' म्हटलेलं, त्यांचं घरातलं नाव तिला माहीत नव्हतं.

"आणि पंडित?" बाईंनी विचारलं. "पहिली यादी केली तो? त्याचं नाव कुठेय?"

"एकच नाव आहे, आई. सगळं यांनीच केलंय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पंडित कोण ते त्यांना कळलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी खुडबुड्या एक बाड घेऊन आला होता. एकशेबारा पानं, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. "ताई, आम्ही चौघं मिळून कॉम्प्युटर मराठीत आणत होतो. तिघं गळले. मी चिकटून राहिलो. तीन वर्षं लागली. तू एकदा नजर टाक, म्हणजे मला भीती नाही."

"पैसे कोण देतं याचे?"

"कुणी नाही गं. आवडतं म्हणून."

नेमका त्याच महिन्यात छापखान्याने मुद्रितशोधन विभाग बंद केला होता. यापुढे चुका कॉम्प्युटर काढेल, असं सांगून साहेबांनी बाईंच्या हातात फुलांचा गुच्छ दिला होता, निवृत्तीला तीन वर्षं बाकी असताना. साहेबांना बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या घशाशी आलेलं सगळं तसंच आत राहिलं, आणि तेवढ्यात हा वेडा कॉम्प्युटरचंच बाड घेऊन दारात उभा. बाड चार महिने कपाटात पडलं. त्याने तीनदा फोन केला. दर वेळी म्हणायचा, "घाई नाही, ताई." मग एका दुपारी बाईंनी लाल पेन घेतलं आणि पहिल्या पानावर साहेबांचा राग काढला.

त्या पानावर चाळीस ओळी होत्या. बाईंनी खुणा केल्या एक्केचाळीस. 'डुलकी' खोडून 'निद्रावस्था' लिहिलं, आणि समासात शेरा, 'यंत्र डुलक्या काढत नाही.' 'पडदा' खोडून 'दृश्यपटल'. आणि बाहेर पडायच्या बटणासाठी त्याने लिहिलं होतं, 'येऊ?' त्यावर तर त्यांनी दोनदा रेघ मारली होती. 'संगणक म्हणजे पाहुण्याचं घर नव्हे. निर्गमन.'

येऊ? आता, पडद्यासमोर बसून, बाईंना त्या एका शब्दात किती विचार होता ते दिसलं. आपल्यात निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पण बटणावर 'येतो' लिहावं तर बाईमाणसाने काय दाबावं? 'येते' लिहावं तर पुरुषाने? 'येऊ?' म्हटलं की कुणीही म्हणावं, आजीने, नातवाने, कुणीही. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या भावाने यावर किती दिवस घालवले असतील कोण जाणे. आणि ते खोडायला बाईंना एक क्षण लागला होता. भाषेचं एवढं काम त्यांनी चौतीस वर्षांत केलं नव्हतं, हे खरं होतं. त्या फक्त वेलांट्या बघत आल्या होत्या.

पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं, 'उरलेली पाने वाचण्याची आवश्यकता वाटली नाही. आधी भाषा शिकावी, मग ती इतरांस पुरवावी.' ते वाक्य बाईंना आजही जसंच्या तसं आठवलं. त्यात एकही चूक नव्हती.

भावाने ताईची एकूण एक खूण मान्य केली होती. म्हणून पहिलं पान बाईंचं आणि बाकीची एकशेअकरा त्याची. रोज उठून लोक जे पहिल्यांदा वाचत होते आणि ज्याची चेष्टा करत होते, ते बाईंचं होतं.

आणखीही एक गोष्ट त्यांच्या आता लक्षात आली. सिस्टिममध्ये मध्येच कुठे कुठे इंग्रजी होतं. बाईंना वाटलं होतं, आळस. त्यांनी सुनेला विचारलं.

"ते नंतर वाढवलेलं आहे," सुनेने जरा शोधून सांगितलं. "नवीन सोयी येत राहतात ना. मराठी नऊ वर्षांपूर्वीपर्यंतचंच आहे. पुढे कुणी केलं नाही. करणारे थांबले असतील."

"अजून करता येईल?"

"केव्हाही. मोकळंच आहे ते."

त्या 'केव्हाही'वर बाईंचा जीव अडकला. मंगळवारी दुपारी त्या भावाच्या घरी गेल्या, कुणाचं लग्न नाही, कुणाचं आजारपण नाही, अशाच. पुढच्या खोलीत त्याचं दुकान. टेबलावर एक प्रिंटर पोट उघडून पडला होता आणि खुडबुड्या चष्मा कपाळावर सारून त्यात डोकावत होता. केस पार पांढरे झाले होते. हे कधी झालं, बाईंना कळलं नव्हतं.

"ताई!" तो उठलाच. "वाट चुकलीस का काय? अगं ए, ताई आलीय, चहा टाक."

"तुझी सिस्टिम बघितली," बाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "सगळी. एकशेबारा पानं वाचली. नऊ वर्षं उशिरा."

तो लाजला. एकोणसाठ वर्षांचा माणूस कानापर्यंत लाल झाला. "ते होय! जुनं झालं गं ते."

"आईचं वाक्य टाकलंस."

"सापडलं तुला?" त्याचा चेहरा फुलला. "म्हटलं, कुणाला कळतंय. आपलं आपल्यापुरतं."

"पहिलं पान सोडलं तर सगळं सोन्यासारखं आहे."

"पहिलं पान तर एकदम शुद्ध आहे," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. बाईंनी शोधून बघितला. "तेवढंच तुझ्या हाताखालून गेलेलं."

"ते बदल. तुझं होतं ते टाक."

"आता कसं बदलायचं, ताई? लोक नऊ वर्षं तेच दाबतायत. एका शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं मागे, कॉम्प्युटरच्या तासाला पोरं हात वर करून विचारतात, 'बाई, निर्गमन करू?'" तो हसला. "जिभेवर बसलं पोरांच्या. आता तेच बरोबर."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी पिशवीतून वही काढली. "मग पुढचं तरी कर. इंग्रजी राहिलंय ते मी उतरवून आणलंय. मला नाही जमणार, माझ्या हातून निर्गमनच उतरतं. तू लिही, तपासायचं मी बघते. या वेळी सगळी पानं."

चहा घेऊन आलेली भावजय दारातच थांबली. "ताई, ते लिहीत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. दुकान बंद असल्याची पाटी मी लिहिते. प्रिंटरवर चिकटवायची चिठ्ठी मी लिहिते. लेकीला निरोप द्यायचा तर फोनवर बोलून पाठवतात. मी पण आधी म्हटलं, डोळ्यांचं असेल." ती कप ठेवून आत गेली. तिने 'कधीपासून' ते सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही.

"कामाच्या गडबडीत राहून जातं," खुडबुड्या म्हणाला आणि स्क्रू एका डबीतून दुसरीत टाकू लागला.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. "फार चुकलं. राग दुसऱ्याचा होता आणि काढला तुझ्यावर."

"कसलं चुकलं! चुका माझ्याच होत्या की गं. एक्केचाळीस."

आकडा त्याला अजून पाठ होता. बाईंनी वही उघडली, एका इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. पेनड्राइव्ह काढायची वेळ झाली की हे येतं. तू काय म्हणशील?"

तो क्षणभरही थांबला नाही. "काढलात तरी चालेल. आतली माहिती जिथल्या तिथे आहे."

"लिही हेच. एवढंच लिही. माझ्यासाठी."

त्याने पेन्सिल घेतली. दुरुस्तीचा पाना रुळावा तशी ती त्याच्या बोटांत रुळेना. दोनदा धरायची जागा बदलली. 'काढलात' लिहून झाल्यावर त्याने वर बघितलं. "बरोबर?" बाई म्हणाल्या, "बरोबर." 'तरी' लिहून पुन्हा वर बघितलं. "दीर्घ ना?" "दीर्घ." त्याला इतकं बरं वाटलेलं बाईंना बघवेना. असं करत एकेक शब्द विचारत तो पुढे गेला, आणि 'आतली'नंतर त्याने जरा धीर करून न विचारता लिहिलं, 'माहीती'.

"छान," बाई लगेच म्हणाल्या. "फार छान. पुढे लिही."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चूक चूक म्हणून दिसत असताना जाऊ दिली. आवाजही सांभाळला होता. पण तो कागदाकडे बघतच नव्हता. तो त्यांच्या डोळ्यांकडे बघत होता, आणि डोळे त्या वेलांटीवर जाऊन थांबले होते, अर्धा क्षण, चौतीस वर्षं थांबत आले तसे.

त्याने पेन्सिल हळूच वहीवर ठेवली आणि वही बाईंकडे सरकवली. रागावला नव्हता. लहानपणी कान पिरगळल्यावर हसायचा तसाच हसला.

"राहू दे गं, ताई," तो म्हणाला. "इंग्रजीच राहू दे तिथे. ते चुकलं तरी माझं नसतं."